वीस गुंठे आणि माझी सही

मी गेल्यावर भांडणं नकोत म्हणून मी जिवंतपणीच वाटण्या करायला घेतल्या. भांडणं आधी सुरू झाली, एवढाच काय तो फरक पडला.

माझं वय शहात्तर. हृदयात एक स्टेंट, रक्तात साखर, आणि ह्यांच्या मागे माझ्या नावावर आलेली बरीच मालमत्ता. मुळशीत पौडच्या अलीकडे पाच एकर जमीन, तिच्या कोपऱ्यात आमचा बंगला, मारुंजीला भाड्याने दिलेले दोन फ्लॅट, आणि मी कित्येक वर्षांत अंगावर न घातलेले दागिने. मुलगा आणि मुलगी, दोघांचंही उत्तम चाललंय. तरी गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी दोघं माझ्या जेवणाच्या टेबलाशी अशी बसली होती, की पाहणाऱ्याला वाटावं यांच्या घरात दोन वेळची चूल पेटत नाही.

पाटल्यांवरून तासभर गेला. मुलगी म्हणाली, पाटल्या आजीने मला द्यायच्या ठरवल्या होत्या. मुलगा म्हणाला, मग माझ्या बायकोला काय? मी म्हटलं, एकेक घ्या आणि एकेका हातात घालून हिंडा. कुणी हसलं नाही. फ्लॅट एकेक ठरले. बंगला आणि जमीन मुलाला, त्याबदल्यात मुलीला दागिने आणि ठेवी, असंही कसंबसं ठरलं. मग मी म्हटलं, "जमिनीतले वीस गुंठे सोडून. ते मावशीचे."

मावशी म्हणजे आमच्याकडे एकतीस वर्षं असलेली बाई. मुलं मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणायला लागले. ती आली तेव्हा तिशीची होती, नवरा नुकता गेलेला, कडेवर मुलगी. ती मुलगी आता लवळ्याला दिलीय, तिथल्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. मावशी आमच्या वरच्या बांधाला दोन खोल्यांत राहते. घरचा स्वयंपाक तिचा, आणि खोल्यांभोवतीच्या वीस गुंठ्यांची शेतीही तिची. पावसाळ्यात इंद्रायणी भात, तो निघाला की वाल, परसात वांगी-मिरच्या. मी आयुष्यात खुरपं हातात धरलेलं नाही. ह्यांनी धरलं ते फोटोपुरतं.

"आई, तुला इथे गुंठ्याचा भाव माहितीये का?" मुलगा म्हणाला.

"माहितीये."

"मग थोडं प्रॅक्टिकल बोल ना. इमोशनल होऊन असं काही करू नकोस."

मुलगी म्हणाली, "तिला काहीतरी रोख दे ना. एवढी जमीन घेऊन ती काय करणार?"

ती काय करणार! दर दिवाळीला ह्या दोघांच्या गाड्यांत इंद्रायणीचं एकेक पोतं पडतं, ते मावशी करते. मुलगा ऑफिसात "आमच्या घरचा तांदूळ" म्हणून वाटतो. त्या रविवारीही पोती गाडीत आधीच चढली होती, वाटण्यांची बोलणी मागून. मला इतका संताप आला की मी बोलायचं ते विसरले आणि नुसती उठून आत गेले. म्हातारपणी हे फार होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी मावशीला घेऊन पौडला वकिलाकडे गेले. बक्षीसपत्र करून टाकायचं, विषय संपला, अशा तोऱ्यात. मावशीला सांगितलं होतं की असतील नसतील ते कागद बरोबर घे. तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे गुंडाळून आणले.

वकील तरुण होता. दर दोन वाक्यांनी त्याचा फोन वाजत होता. माझा सातबारा पाहून त्याने विचारलं, "मॅडम, या शेतकरी आहेत का?"

मी हसलेच. "शेतकरी नाहीत तर कोण आहेत? हात बघा त्यांचे."

"हात नका दाखवू. कागदावर शेतकरी आहेत का? यांच्या नावाचा कुठला सातबारा आहे? शेतजमीन शेतकऱ्यालाच देता येते."

"आणि मी?"

"तुम्ही आहात ना. तुमचं नाव आहे की."

म्हणजे तांदूळ निवडायचाही कंटाळा करणारी मी शेतकरी, आणि एकतीस वर्षं चिखलात उभी राहिलेली ही बाई कोणीच नाही. मी आवाज चढवला. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. वकिलाने शांतपणे मावशीलाच विचारलं, "माहेरी जमीन होती का हो? वडिलांच्या मागे तुमचं नाव लागलं असेल."

"व्हती की," मावशी म्हणाली. "वर, धरनाच्या अंगाला. नाव बी लागलं व्हतं. मग सोडली."

"हक्कसोडपत्र केलं?"

"व्हय."

त्याच क्षणी मला सगळं आठवलं, आणि वकील पिशवीतले कागद उलटायला लागला होता.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचे वडील गेले आणि भाऊ आमच्याकडे आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. बहिणीने आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, सही करायची, भावाने साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीतच. मावशी त्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, मला न्हाई सही करायची. माजी पोर हाय. उद्या कुटं जाऊ?"

आणि मी तिला समजावलं. मी! म्हटलं, भावाशी वाकडं घेऊ नकोस. माहेर तुटलं तर दिवाळीला कुणाच्या दारात उभी राहशील? जमीन काय छातीवर बांधून न्यायचीय? मीसुद्धा माझ्या भावांना सही करून दिली, माझं काय अडलं? माझं काय अडणार होतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याची पाच एकर पायाखाली असताना मी त्यागाच्या गप्पा मारत होते, आणि जिच्या पायाखाली काहीच नव्हतं तिला चांगली बहीण व्हायला शिकवत होते. भाऊही गोड बोलला. "ताईला कोन न्हाई म्हनतंय? तिचंच घर हाय. कवाबी यावं." मी आमच्या गाडीतून तिला पौडला नेलं. सही झाल्यावर भावाने हिरवी साडी दिली, आणि मी सगळ्यांना मिसळ खायला घातली. घरी येऊन ह्यांना सांगितलं की आज एक चांगलं काम केलं.

पुढे चार वर्षांनी भावाने ती जमीन विकली. आता तिथे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, आणि फाटकावर वॉचमन. मावशी एकदा वडिलांच्या आंब्याखाली जाऊन यावं म्हणून गेली होती, तर त्याने तिला "किधर जाना है?" म्हणून अडवलं. हे तिने मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, आणि मी "काय एकेक माणसं असतात" असं म्हणून वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

वकिलाला कागद सापडला. वाचत वाचत तो शेवटच्या पानावर थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे, मॅडम."

मला हे आठवतच नव्हतं. गाडीतून नेल्याचं आठवत होतं, मिसळ आठवत होती, सही मी साफ विसरले होते. पण अक्षर माझंच होतं, खाली दोन रेघा मारलेल्या. मावशी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिला आठवत होतं. एवढी वर्षं तो कागद तिच्या पेटीत होता.

वकील म्हणाला, वाटा सोडला तेव्हाच या कागदावरच्या शेतकरी राहिल्या नाहीत, आता मृत्युपत्रात लिहिलं तरी ते टिकेल याची खात्री नाही. खात्रीचा रस्ता एकच. तेवढे वीस गुंठे आधी मोजून बिगरशेती करून घ्यायचे, मग बक्षीसपत्र. किती दिवस लागतील? वर्ष. दीड वर्षही. कुणी हरकत घेतली तर सांगता येत नाही. आणि हे सगळं व्हायला मालक हयात हवा.

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो खोटं वाईट वाटल्यासारखं बोलला, पण त्याच्या आवाजातला सुटकेचा श्वास मला ऐकू आला. "कायदाच तसा असेल तर आपण काय करणार, आई? आणि आम्ही मावशीला कुठे काढतोय? राहू दे की जन्मभर. तिचंच घर आहे ते."

तिचंच घर आहे ते. भावाचं वाक्य, माझ्या मुलाच्या तोंडून, जसंच्या तसं. भाऊही तेव्हा मनापासूनच बोलला असेल. वॉचमन नंतर आला.

मी म्हटलं, "बिगरशेतीचा अर्ज मी उद्या देतेय. आणि बक्षीसपत्र होईल तेव्हा साक्षीदार म्हणून सही तू करायचीस." तो म्हणाला, मीटिंग आहे, नंतर बोलू. त्याला महिना झाला. अजून त्याची मीटिंग चालूच आहे.

वकिलाकडून परतलो त्या संध्याकाळी मी मावशीच्या खोल्यांकडे चढून गेले. चढ मला सोसत नाही, तरी गेले. ती अंगणात पेरणीसाठी वाल निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "माझं चुकलं गं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या वैनी, तुमचा काय दोष. आपण माफी मागतो ती हे ऐकायलाच. ती म्हणाली, "व्हय, चुकलंच. मला तवाच कळत व्हतं. पर तुमी शिकलेल्या, म्हनलं तुमाला जास्ती कळत आसंल."

मला राग आला. तिचा आला, मग माझा आला. मी तिच्या पायरीवर बसले. खाली आमचा बंगला दिसत होता. त्याच्यापलीकडे कुणीतरी नव्या प्लॉटिंगसाठी दगड रोवले होते, पांढरे, ओळीने. तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि चहा घेऊन आली. एक घोट घेतला आणि मी कप खाली ठेवला.

"साखर विसरलीस."

"इसरले न्हाई. आजपासनं बंद." तिने पदराची गाठ सोडून माझ्या रात्रीच्या गोळ्या काढल्या. त्या घ्यायला मी रोज विसरते, म्हणून खालून निघतानाच तिने त्या टेबलावरून उचलून आणल्या होत्या, रात्री स्वतः द्यायला. "वकील दीड वरीस म्हनला न्हवं? मग तवर मरायचं न्हाई. सकाळच्याला माज्यासंगं बांधावरनं चालायचं. आन त्या फरसाणाचा डबा मी कपाटातनं काढलाय, हुडकू नका."

"आणि दीड वर्षानंतर?"

"तवाचं तवा बघू," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या आदी."

मी तिच्यासमोर दोन्ही गोळ्या गिळल्या. गिळल्या की नाही हे बघेपर्यंत ती जागची हलली नाही.