पाय घसरला नव्हता

सुभेदारीण फाटकातून आत आली की पहिल्या पाच मिनिटांत कशाचा तरी जीव जायचा. वाफा उकरताना हुमणीची अळी दिसली तर ती तिथल्या तिथे टाचेखाली चिरडायची. कुंड्यांमागे घूस दडलेली असली तर फावड्याचा एकच घाव, आणि घुशीचे दोन तुकडे. मग ती ते धूड शेपटीला धरून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आणायची. "मास्तरीन, ही बघ. तुझा लसून हिनंच खाल्ला." मी हातातला चहा ओट्यावर ठेवून द्यायची. सकाळचे साडेसात वाजलेले असत आणि मला शाळेत जायचं असे.

तिचा नवरा लष्करात स्वयंपाकी होता, सुभेदार नव्हता. पण आधी ती भिंगारच्या लष्करी छावणीतल्या जुन्या बंगल्यांत बागकाम करायची आणि तिथले खरेखुरे सुभेदारही तिला वचकून असत, म्हणून हे नाव पडलं. आमच्या सावेडीच्या कॉलनीत ती येऊ लागली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल. काळी, काटक, कासोटा घातलेलं लुगडं, डोक्याला घट्ट बांधलेला पुरुषी मफलर आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं फावडं. शेअर रिक्षात तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं, त्यामुळे भिंगारपासून ती मागच्या सीटवर एकटीच ऐसपैस बसून यायची. बोलताना सगळ्यांना अरे-तुरे. शाळेत मुख्याध्यापकही मला बाई म्हणायचे, पण तिच्या लेखी मी 'ए मास्तरीन' होते. मी मात्र तिला मावशी म्हणायची आणि अहो-जाहो करायची. तशी हिंमतच होत नव्हती दुसरं काही म्हणायची.

दिवाळीचे कंदील उतरले की ती गुलाबांच्या छाटणीला हात घालायची. छाटणी कसली, कत्तलच. माझ्या कमरेएवढ्या झाडांची तिने पहिल्या वर्षी वीतभर खुंट केले. वर कळ्या होत्या, त्याही गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कात्री न थांबवता सांगितलं, "रडायचं आसंल तर आत जाऊन रड. हितं झाडाम्होरं न्हाई." नंतर तिने मुळांवरची माती उकरली, मुळं चार दिवस उघडी टाकली, पाणी तोडलं. मी दररोज शाळेतून आल्यावर त्या उघड्या मुळांकडे बघायची आणि तिच्या नावाने दातओठ खायची. जानेवारीत त्याच खुंटांवर अशी फुलं आली की रस्त्याने जाणारे लोक स्कूटर थांबवून बघायचे. मी तिला शाबासकी द्यायला गेले, तर म्हणाली, "मला काय सांगती? मार त्यांनी खाल्ला."

थंडीत सकाळी आमच्या फाटकाशी वाळक्या पाल्याची शेकोटी पेटायची. समोरच्या बंगल्याचं बागकाम बघणारे रशीदचाचा कानटोपी घालून तिथे यायचे आणि मग दोघांची जुंपायची. रशीदचाचा खिशातून मोबाईल काढून आज पारा किती उतरला ते वाचून दाखवायचे. सुभेदारीण पाण्याचा रबरी पाइप उचलायची आणि वाकवून बघायची. "पाइप आज लाकडावानी झालाय. तुझा मोबाईल खोटं बोलतो." पुढे पाणी सकाळी द्यायचं की संध्याकाळी, शेवंतीच्या काड्या आत्ता लावायच्या की थंडी ओसरल्यावर, मावा किडीवर राख मारायची की साबणाचं पाणी, यावर वाद. रशीदचाचा शांतपणे म्हणायचे, "संध्याकाळी पाणी दिलं तर रात्रभर गारठा धरतो, हे मलाही माहिती आहे. पण आमच्या साहेबांना संध्याकाळीच बाग ओली बघायची असते." ती म्हणायची, "मग सायबाला रातभर ओल्या चादरीत झोपीव. सकाळी इचार कसं वाटतंय." चहा देताना मी हे ऐकत राहायची आणि शाळेला उशीर व्हायचा. माझ्या आयुष्यात मी हवामानावर एवढं भांडण दुसरीकडे कुठेच ऐकलं नाही.

तिच्या तोंडात एक वाक्य कायम असायचं. "व्हय, मीच." आमच्या कॉलनीत एक प्रतिष्ठित आजोबा होते. पहाटे फिरायला जाताना प्लास्टिकची पिशवी आणि टोकाला तार बांधलेली काठी घेऊन निघायचे आणि लोकांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी ओढून न्यायचे. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. एकदा सुभेदारीण लवकर आली. तिने त्यांच्या हातातली काठी हिसकली, गुडघ्यावर मोडली, दोन तुकडे त्यांच्याच पिशवीत खुपसले आणि त्यांना गचांडी धरून कोपऱ्यापर्यंत सोडून आली. आजोबा संध्याकाळी तक्रार घेऊन आले. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच ही मागून बोलली, "व्हय, मीच मोडली. पुन्ना आला तर पुन्ना मोडीन." मी कपाळावर हात मारून घेतला. ती खोटं बोलली असती, निदान गप्प राहिली असती, तरी मला आजोबांना गुंडाळता आलं असतं.

स्वतःच्या चुकीलाही तिचा तोच न्याय. माझ्याकडे पिवळ्या गुलाबाचं एक कलम होतं, आईने दिलेलं. एका वर्षी कुणावर तरी भडकलेली असताना तिने ते छाटलं आणि रागाच्या भरात कात्री कलमाच्या सांध्याच्या खाली गेली. म्हणजे गुलाब गेला, खाली उरला तो जंगली खुंट. मला दोन महिने कळलंसुद्धा नसतं. पण तिने दार वाजवलं आणि म्हणाली, "तुज्या आईचा गुलाब मी मारला. काय शिक्षा देती ती दे." मी म्हटलं, जाऊ द्या मावशी. तर ती पायरीवर बसून राहिली, शिक्षा घेतल्याशिवाय उठेचना. तिला चहात तीन चमचे साखर लागायची. शेवटी वैतागून मी म्हटलं, "आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्या." तिने तो सात दिवस प्यायला, तोंड वाकडं करून, एक थेंब न टाकता.

आता बुचाच्या झाडाचं सांगते. आमच्या आणि शेजारच्या बंगल्याच्या मध्ये गुडघ्याएवढी भिंत आहे. त्या भिंतीला लागून, आमच्या बाजूला, जुनं उंच बुचाचं झाड होतं. थंडीच्या तोंडावर त्याची पांढरी, लांब देठांची फुलं पहाटे खाली पडायची आणि अंगणभर वास सुटायचा. शेजारच्या साहेबांनी नवी गाडी घेतली आणि झाड त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. फुलं टपावर चिकटतात, फांद्या ठिसूळ आहेत, मोडून काचेवर पडतील. महापालिकेकडून तोडायची परवानगी मिळाली नाही आणि मीही तोडू देणार नव्हते. मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

त्या डिसेंबरात झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी म्हटलं थंडीने असेल. रशीदचाचाही म्हणाले, यंदा गारठा फार आहे. सुभेदारीण म्हणाली, "बुचाला थंडी काय करनार?" एका सकाळी धुकं होतं. शेकोटीवरून उठून ती बुंध्याशी गेली, नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, "हितं फोडनी कोनी घातली?" हिंगाचा वास येत होता. भिंत ओलांडून तिने पलीकडच्या बाजूने बुंधा खुरप्याने खरवडला. चिखलाने बुजवलेली भोकं निघाली, बोटाएवढी रुंद, ड्रिलने पाडलेली, एकाखाली एक सात. हिंग भरला की झाड मरतं असं आपल्याकडे बोलतात. साहेबांना नुसत्या हिंगाचा भरवसा वाटला नसावा. आत तणनाशकही ओतलं होतं. भोकांतून काळं पाणी गळत होतं.

आवाज ऐकून साहेब पायरीवर आले. बायको माहेरी गेली होती, घरात एकटेच होते. शाल गुंडाळलेली, हातात चहाचा कप. म्हणाले, "ए म्हातारे, माझ्या हद्दीतून बाहेर हो. झाड वाळतंय तर वाळू दे, तुझ्या बापाचं आहे का?" एवढं म्हणून ते हसले.

त्यांनी हसायला नको होतं. तिने खुरपं टाकलं, भिंतीशी टेकवलेलं फावडं उचलून ती पायरीशी गेली आणि दांडा फिरवला. त्यांनी हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला भिंतीच्या अलीकडे ऐकू आला. कप फुटला. ते गुडघ्यांवर पडले, ओरडत दाराकडे सरपटायला लागले आणि तिने दांडा पुन्हा खांद्यावर नेला. रशीदचाचा मागून धावले, तर तिने कोपराने त्यांना ढकलून दिलं, तेही पडले. "मावशी!" मी किंचाळले. दांडा वरच राहिला. मग तिने तो हळूच खाली टेकवला आणि साहेबांना म्हणाली, "व्हय, मीच मारलं. बोलाव कोनाला बोलवायचं ते."

साहेब दार लावून आत गेले. सुभेदारणीने पाइप ओढून सातही भोकं पाण्याने धुतली, शेण-मातीने लिंपली, हात धुतले आणि माझ्याजवळ आली. "पोलीस यील. तू जे बघितलं ते सांग. एक शबुद इकडंतिकडं नको." मी मान हलवली. ती गोणपाट खांद्यावर टाकून भिंगारला निघून गेली.

हवालदार अकराच्या सुमारास आले. साहेबांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्यांनी तक्रार दिली होती. मला विचारलं, बाई, तुम्ही काय पाहिलं? माझ्या डोळ्यांसमोर ती कोठडीत बसलेली दिसली. साठीची बाई, भिंगारच्या एका खोलीत राहणारी, मागेपुढे कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही दिसलं. कोर्टात तारखांना कोण जाणार, शेजाऱ्यांशी जन्माचं वैर कोण घेणार, गुलाब कोण छाटणार. मी म्हटलं, "फरशी दवाने ओली होती. त्यांचा पाय घसरला." रशीदचाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, "बाई म्हणतात तसंच." हवालदार निघाले तेव्हा मी त्यांना बुंध्यावरची लिंपलेली भोकं दाखवली. साहेबांना त्याचा अर्थ कळला, प्रकरण वाढलं तर झाड मारल्याचंही निघेल. म्हातारीने मारलं हे चारचौघांत सांगायची त्यांनाही लाजच वाटत असणार. संध्याकाळपर्यंत त्यांनी तक्रार मागे घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तेही सगळ्यांना पाय घसरल्याचंच सांगायला लागले.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन भिंगारला गेले. ती दारातच बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले, शेजारी एक गाठोडं. दोन दिवस ती पोलिसांची वाट बघत तशीच बसून होती. शेजारणीला तिने खोलीची किल्लीही देऊन ठेवली होती.

मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. केस नाही, काही नाही, उद्यापासून कामाला या. ती चिडेल, शिव्या देईल, गोणपाटातलं फावडं काढेल, याची माझी तयारी होती. तिने आवाजही चढवला नाही. "पाय घसरला म्हनलीस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"माजा नवरा मला मारायचा," ती म्हणाली. "आचारी हुता ना, उलथनं तापवून मारायचा. बंगल्यातल्या बाया इचारायच्या, हे काय झालं गं? मी म्हनायची, पाय घसरला. बारा वर्सं हेच म्हनले. मग एक दिस त्याच उलथन्यानं त्याला हानलं आन दारात जाऊन सांगितलं, व्हय, मीच मारलं. त्या दिसापासून ठरवलं. मारलं तर मारलं म्हनायचं, मार खाल्ला तर खाल्ला म्हनायचं." तिने शेजारचं गाठोडं जवळ ओढलं. "आता झाडाला कोनी मारलं न्हाई, आन त्यालाबी कोनी मारलं न्हाई. सगळ्यांचाच पाय घसरला. असं कर मास्तरीन, पेढे घरी ने."

मी तिचे पाय धरले. तिने ते ओढून घेतले नाहीत, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर ती माझ्या फाटकातून कधी आत आली नाही. समोरच्या बंगल्यात रशीदचाचांच्या मदतीला मात्र यायची, शेकोटी आता तिकडे पेटायची. दोघं थंडीवरून भांडत आणि मी खिडकीतून ऐकत राहायची. मी माफी मागायला दोनदा रस्ता ओलांडून गेले. दोन्ही वेळा तिने खाली मान घालून वाफा खणत ठेवला. उन्हाळ्यात बुच पुरता वाळला आणि यंत्राने कापून नेला. भिंतीपलीकडे साहेबांची गाडी आता बिनघोर उभी असते. गुलाबांची छाटणी मीच करते आणि कळ्या कापवत नाहीत म्हणून मला ती कधीच नीट जमत नाही.

गेल्या महिन्यात, ऐन थंडीत, सुभेदारीण गेली. रशीदचाचांनी फाटकाशी येऊन सांगितलं. मी विचारलं, माझं नाव कधी काढलं का? त्यांनी खरं सांगितलं. नाही म्हणाले.

मी हे लिहिते आहे ते घरात कुणाला पसंत नाही. शेजारी वाचतील, म्हणतात. वाचू देत. माझा जबाब घ्यायला आता कुणी हवालदार येणार नाही, म्हणून इथेच देते. त्या सकाळी त्यांचा पाय घसरला नव्हता. फरशी ओली होती, पण ते नीट उभे होते आणि हसत होते. सुभेदारणीने फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या मनगटावर मारला. दुसरा फटका उचलला आणि मारला नाही. मी चार पावलांवर होते. मी सगळं पाहिलं. तिनेच मारलं.