शालन मावशीची झडती

शालन मावशी माझ्या खिशात हात घालून झाल्याशिवाय मला ताट वाढायची नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून मी येरवड्यात मावशीकडेच वाढले. मावशी तुरुंगाच्या महिला विभागात शिपाई होती. दिवसभर बायकांची झडती घ्यायची आणि घरी आल्यावरही तिचे हात थांबायचे नाहीत. खिशात बोरं निघाली तरी प्रश्न तोच, "कुठून आणलीस?" मी आठवत उभी राहिले की म्हणायची, "खरं सांगायला एवढा वेळ लागत नाही."

आमच्या घरात रेडिओसुद्धा नव्हता. "बोलणारा दिसत नाही, त्याचं कशाला ऐकायचं?" असं तिचं म्हणणं. पण तांदूळ निवडताना ती स्वतः एक चाल गुणगुणायची. शब्द नसायचे. मी जवळ गेले की गप्प. माझं संगीताचं शिक्षण म्हणाल तर एवढंच. दाराआडून ऐकलेली ती चाल, आणि पुढे कॉलेजात मैत्रिणीच्या मोबाइलवर ऐकलेलं रॅप.

मी रॅप लिहून मोठ्यानं म्हणायला लागले, तेव्हा मावशीला वाटलं, मी फोनवर कुणाशी भांडतेय.

"कुणाला शिव्या देतेस?"

"कुणाला नाही गं. गाणं आहे."

"मग माणसाचं नाव घे. नाव न घेता शिव्या देणाऱ्या मी रोज बघते."

एका ओळीत मी गल्लीत वाहिलेल्या रक्ताबद्दल लिहिलं होतं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कधी गं? मी ड्युटीवर होते का?" ती ओळ मी खोडली. माझ्या गाण्यांत थापा नसतात असं लोक म्हणतात, त्याचं कारण ही उलटतपासणी.

मग मी तिच्याच चालीवर एक ट्रॅक बांधला. खूश होईल म्हणून कौतुकानं ऐकवला. ती मध्येच उठली.

"बंद कर. हे तुला कुणी दिलं?"

"तूच तर गुणगुणतेस."

ती परत खाली बसली. मग तिनं सांगितलं. ते गाणं कौसल्या नावाच्या एका कैदी बाईचं. आत असताना ती त्यावर आपल्या तान्ह्या मुलीला झोपवायची आणि मावशी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. "तिला गप्प करणं माझं काम होतं. नाही केलं." कौसल्या सुटली होती आणि हडपसरला एका खानावळीत पोळ्या लाटत होती, हेही मावशीला ठाऊक होतं. "तिला विचारल्याशिवाय हे बाहेर जायचं नाही," मावशी म्हणाली.

आम्ही तिच्या खोलीवर गेलो. कौसल्यानं दार उघडलं, मावशीला पाहिलं आणि काही न विचारता दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली.

"मी काही केलेलं नाही, बाई."

मावशी एकदम मागे सरकली. "हात खाली घे गं. मी मागायला आलेय."

"काय मागायला? कशावर अंगठा हवाय?"

मावशीनं अडखळत सगळं सांगितलं. मी मोबाइल काढला, तर कौसल्या म्हणाली, "ते आत ठेवा. गाणं माझ्या पोरीचं आहे. पोर आता मला आई म्हणत नाही. तेवढं तरी राहू द्या." आणि दार लागलं.

रिक्षात मी चिडून म्हटलं, "तिला कुठे कळणार आहे?"

"मला कळेल," मावशी म्हणाली. त्यानंतर तिनं ती चाल कधी गुणगुणली नाही. ट्रॅक मीही तसाच ठेवून दिला.

गेल्या वर्षी मावशी हृदयविकारानं गेली. दिवसकार्य व्हायचं होतं, तेव्हा एका दुपारी कौसल्या दारात उभी दिसली. तिला कुणी कळवलं, देव जाणे.

"खरंच गेल्या?" तिनं विचारलं. हार घातलेला फोटो समोर होता, तरी माझ्या तोंडून ऐकेपर्यंत ती उंबऱ्याच्या आत आली नाही. चहाला नको म्हणाली. मग म्हणाली, "ऐकवा ते."

मी लावलं. संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती.

"फार रागानं म्हणता तुम्ही. यावर पोर झोपायचं नाही."

"मला कुणाला झोपवायचं नाहीये," मी म्हटलं.

तिनं पुन्हा एकदा फोटोकडे निरखून पाहिलं. "मग घ्या," म्हणाली.