सखूमामी आणि घबराटीची गोळी

मोताळ्याच्या औषधाच्या दुकानात कितीही गर्दी असो, सखूमामी पायरीवरूनच ओरडायची, "भाऊ, मी घबराटीची गोळी घेतो बरं! तिच्यासंग हे चालते का, पाह्य आधी!" सगळे वळून पाहायचे. मी, तिचा भाचा, मागे मान खाली घालून उभा. मामीला काडीचाही फरक पडायचा नाही. आठवडी बाजारात वांगी विकून कमावलेला आवाज तो!

पण आधी हीच मामी त्या गोळीचं नाव काढू द्यायची नाही. छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, म्हणून खामगावच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली होती. मामी ती तांदळाच्या डब्यात लपवायची. "लोकायले समजलं तं म्हणतीन, सखूचं डोस्कं फिरलं. तुले माही आन हाये," असं मला दटावायची.

मग एकदा तिला खोकला झाला. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं औषध चालू आहे का?" नेमकी शेजारची शांताकाकू बाकावर बसलेली. तिच्या कानावर गेलं की गावभर झालंच म्हणून समजा! मामी ठणकावून म्हणाली, "मले काय धाड भरली? काहीच नाई." आणि खोकल्याची बाटली घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बाजारात मामी वांग्यांच्या ढिगामागे बसल्या बसल्या झोपली. हलवलं, पाणी मारलं, उठेना. श्वास इतका मंद की मामाच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात मी तिची आण मोडली आणि गोळीचं सांगून टाकलं.

संध्याकाळी डोळे उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न, "वांगे इकले का?" शेजारच्या भाजीवाल्याने सगळी विकली होती. "माय वं! मी झोपल्यावरच बरा धंदा होते!" मामी हसली तेव्हा मला रडू आलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "मावशी, तुमची गोळी गुंगीची अन् ते खोकल्याचं औषधही गुंगीचं. दोन्ही मिळून श्वास बंद पाडतील."

"मंग गोळीच बंद करतो."

"तीही एकदम बंद करायची नाही. फक्त कोणतंही औषध घेताना आधी सांगायचं."

मामीने ते मनावर घेतलं. पुढच्या बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून तिने पहिली आरोळी ठोकली. तिथे शांताकाकू होतीच. तिने घाईघाईने मामीचा पदर ओढला, "हळू बोल वं सखू! माही बी तेच गोळी हाये."

मामीने पदर सोडवून घेतला. मग म्हणाली, "मंग तू काऊन लपवून राह्यली? सांग नं त्याले!"

मामी म्हातारपणाने गेली. परवा मी सर्दीची गोळी घ्यायला दुकानात गेलो. हल्ली माझीही छाती धडधडते, मलाही तसलीच गोळी चालू आहे. मागे रांग होती, ओळखीचे चेहरे होते. मी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणालो, "भाऊ, मी घबराटीची गोळी घेतो. हे चालतं का?"

"याच्यानं गुंगी येते," म्हणत दुकानदाराने माझ्या हातात दिलेलं सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट परत काढून घेतलं.