मिठाचं त्रैराशिक

निरोप रघूने आणला. रघू म्हणजे आमच्या खाणावळीत जेवणारा, गिरणीतला साचेवाला. मावशी इस्पितळात होती आणि पाळी सुटायला अजून वेळ होता, त्यामुळे त्याला दारात बघूनच मी समजले. "वयनी, मावशी गेली. सकाळीच." मी तांदूळ धूत होते. हात पाण्यातच राहिले... मग मी तांदूळ चुलीवर चढवले. थोड्या वेळाने चाळीस माणसं जेवायला बसणार होती आणि भामामावशी स्वतः मेली तरी तिला उशीर चालला नसता. त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल बोलायला गेले की माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहिते.

लालबागच्या चाळीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि तळमजल्यावर जिन्यासमोर मावशीची खाणावळ होती. हे गिरणीत होते. दारू पिऊन मारायचे, न पितासुद्धा मारायचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका सकाळी चहा गार झाला म्हणून त्यांनी मला जिन्यावरून ढकललं. पुढचा दात तुटला. मी रक्ताच्या तोंडाने मावशीच्या दारात पडले होते आणि ती भाकऱ्या थापत होती. काय झालं ते तिने विचारलं नाही. चूळ भरायला पाणी दिलं आणि म्हणाली, "शाळा किती शिकलंस गो?"

"चौथी."

"मगे सांग. सव्वीस माणसांक आठ शेर तांदूळ, तर एकोणचाळीसांक किती?"

मी हात पदराखाली लपवले. गावच्या शाळेत गुरुजी गणिताच्या तासाला बोटांच्या पेरांवर छडी मारायचे, तेव्हापासून आकडा ऐकला की तेच करायचे. मावशीने लाटणं उचललं आणि माझ्या दंडावर हाणलं. "बारा! हिशेब शिकलंस तर हय र्‍हव, उद्या चूल तुझी. नाय तर वर जा. तो बसलोहा."

एवढाच करार. मला वर जायचं नव्हतं, पण शिकून होईपर्यंत रात्री जावंच लागायचं.

मावशीला अक्षर येत नव्हतं. ती पेरं मोजायची आणि भाकरी उलटताना पाऊणकीचा पाढा म्हणायची. शेरभर पिठाच्या भाकऱ्या किती, माणूस वाढला तर पीठ किती, मणाचे शेर किती, शेराचे छटाक किती, सगळं तोंडी. "पयला एकाचा काढ, मगे सगळ्यांचा," हे तिचं त्रैराशिक. चुकलं की चिमटा, पुन्हा चुकलं की लाटणं. माझ्या दंडावर वरच्या मजल्याचे पिवळे डाग आणि खालच्या मजल्याचे निळे डाग एकदम असायचे. तिला स्वतःला कुणी शिकवलं, असं मी एकदा धीर करून विचारलं. "वाण्यान. पाच वर्सा लुटलान माका, तेवा शिकलंय."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. एके दिवशी नाक्यावर मोर्चा अडवला, आधी अश्रुधूर, मग गोळ्या. मावशी डाळ आणायला गेली होती ती हात धरून परत आली. मनगटावर लाठी बसली होती. पाठोपाठ माणसं आत घुसली. संचारबंदी लागली, इतर चाळींतले लोकही अडकले, कुणाच्या डोक्यातून रक्त, कुणाचे डोळे सुजलेले. मावशी भिंतीला टेकून म्हणाली, "पासष्ट. तूच रांध."

सव्वीसांना आठ, तर पासष्टांना वीस. उत्तर पेरांवर आपोआप आलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा... मला इतका आनंद झाला की मी तसंच पुढे करत गेले. सव्वीसांच्या आमटीला चार मुठी मीठ, म्हणून पासष्टांना दहा. मोजून दहा घातल्या. आमचा मोठा टोप जेमतेम चाळीस माणसांच्या आमटीचा होता आणि डाळही तेवढीच होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्याच घासाला एकाने ताटली भिंतीवर फेकली. "पोलिसांनी मारलं ते कमी होतं काय?" मावशीने बोट बुडवून चाखलं आणि डाव्या हाताने लोखंडी पळी माझ्या कानावर मारली. "मीठ माणसांवर मोजतंस? मीठ टोपावर मोजूचा! खाणाऱ्या तोंडांक भात वाढता, टोप वाढता काय?" कानातून रक्त आलं. त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

आवाज ऐकून हे खाली आले होते. हसले. "चौथी पास! चल वर, तुझी खाणावळ झाली." माझे केस धरून ओढू लागले. पासष्ट माणसं बघत होती, कुणी उठलं नाही. मावशी उठली. तीच पळी तिने ह्यांच्या मनगटावर घातली, हाड वाजलं. "भाताचा तिचा बरोबर इला. पासष्टांक वीस. तुका येता?" हे शिव्या देत राहिले. "येता काय? सांग! नाय ना? मगे निघ."

त्या रात्री सगळ्यांनी कोरडा भात आणि कोकमाची सोलं खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून चूल माझी झाली. मी वर परत गेले नाही.

लोक म्हणतात, ती मारायची ते शिकवण्यासाठी. असेल. माझ्या कानाला तो फरक कळत नाही. मी तिच्यावर रागावलेली आहे आणि तिच्यासाठी रडतेही आहे, दोन्ही खरं. परळच्या इस्पितळात शेवटची भेटले तेव्हा तिने माझी विचारपूस केली नाही. म्हणाली, "छत्तीस खाटो हत हय, आणि पेज तिसांची येता. सांग त्यांका." मी लाजेने कुणाला सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली...

चुलीच्या डाव्या कोपऱ्यात तिचा पाट आहे. मी खाली राहायला आले त्या दिवसापासून ती तिथेच बसायची. धूर तिथेच जास्त, पाठ भाजते, म्हणून मी कधी तिथे बसले नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारीला ऊब लागत असेल. परवा दुपारी पहिल्यांदा बसले. तिथून जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसतात. फक्त तिथूनच. वरून कोण येतंय ते त्याच्या पायांवरून आधी कळतं. बसले होते तेवढ्यात ह्यांचे पाय दिसले. तिसऱ्या पायरीवर थांबले. मी उठले नाही. पाय थोडा वेळ तिथेच होते, मग वर गेले. पाट मी आता हलवणार नाही. दुपारचं निवडणं, टिपणं मी तिथेच बसून करते.