झिलू सुताराच्या विमानाचं कापड

नंदिगड्ड्याचा झिलू सुतार बैलगाड्यांची चाकं करायचा. १९६२ साली तो बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर शेडच्या कामाला गेला, महिनाभर विमानं बघत राहिला आणि परत आल्यावर त्यानं चाकं बाजूला ठेवून हातानं सोडायच्या छोट्या विमानाचे पंख करायला घेतले.

सांगाडा जमला. बांबूच्या कामट्या, पांगाऱ्याचं हलकं लाकूड. अडलं ते कापडावर. आधी त्यानं जुन्या धोतराचा तुकडा खळ लावून ताणला. दुपारी तो ढोलासारखा वाजायचा, सकाळी दव पडलं की म्हशीच्या कानासारखा लोंबायचा. मग रेशमी खण लावला. दिसायला झकास, पण वजनानं विमान हातातून सुटलं ते सरळ उकिरड्यात.

त्याची बायको केशर खानापूरच्या शिंप्याची लेक. चार दिवस ती हे बघत होती.

"अवो, भिजंना आनि जड बी न्हाई, असं कापड पायजे न्हवं तुमास्नी?"

"व्हय."

तिनं ट्रंकेतून अबोली रंगाचं नायलॉनचं पातळ काढलं. भावानं दिवाळीला दिलेलं.

झिलू दचकला. "अगं, भाऊ काय म्हनंल?"

"त्यो नेसतोय व्हय? डोईवरनं घसरतंय, वाकलं की सुटतंय. घ्या."

पण नायलॉनला खळ चिकटेना, म्हणून ते शिवावं लागलं. दोरा म्हणून झिलूनं मासेवाल्याकडून तंगूस आणली, गळाला बांधतात ती नायलॉनची दोरी. तिला गाठ मारावी आणि ती आपोआप सुटावी. झिलू दिवसभर गाठीच मारत बसला. शेवटी केशरनं देवापुढची उदबत्ती आणून गाठीला टेकवली. दोरी वितळली, तिची गोळी झाली, गाठ पक्की. कापडाच्या कडाही तिनं तशाच शेकल्या.

टेकडीवर निम्मा गाव जमला. शेजारचा परशू आधीच म्हणाला, "पडंल."

विमान भाताच्या खळ्यांवरून तरंगत गेलं. खाली भात पाखडणारी गिरजाक्का सूप हातात धरून तशीच उभी राहिली. मग ते ओढ्यात पडलं. झिलूचा चेहरा उतरला. केशरनं विमान उचलून दोनदा झटकलं. कापड कोरडं.

"आता मला सोडू द्या," ती म्हणाली.

तिनं सोडलेलं विमान वाऱ्यावर चढलं, वळलं आणि रानावरून दिसेनासं झालं. आठ दिवसांनी रानापलीकडच्या दिग्गी गावच्या कान्हूनं ते आणून दिलं. एका झाडाच्या शेंड्यावर अडकलं होतं. तीन कामट्या मोडलेल्या, कापड जसंच्या तसं.

केशरनं ते उलटसुलट करून बघितलं आणि झिलूपुढं ठेवलं.

"आता लाकूड जरा बरं बगा."