प्राचीन लिहिण्याआधी

संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशीने ते भांडण हातात ओलं फडकं धरून, दाराआड उभं राहून ऐकलं होतं. साहेब म्हणत होते, त्या लाकडी फणीच्या चिठ्ठीवर 'प्राचीन' लिहा. चिठ्ठ्या लिहिणारे मास्तर काही केल्या तयार होईनात. माणूस एवढासा, फुंकर मारली तर उडेल. पण हटून बसला.

"साहेब, ही फणी आठवणारं कुणीतरी असेल अजून. तोवर ती नुसती जुनी."

"सोमवारपर्यंत लिहा. नाहीतर मी चिठ्ठ्या छापून घेतो."

छापील चिठ्ठ्या आल्या की मास्तरांचं काम संपलंच. मावशीला वाचता येई जेमतेम; प्राचीन म्हणजे काचेत ठेवायचं आणि हात लावायचा नाही, एवढंच ठाऊक. मास्तरांनी तिला नंतर समजावलं, नुसती वर्षं मोजून हा शब्द लावायचा नसतो. विचारायला कुणी उरलंच नाही, की मग लावायचा. घाईने लावला तर जित्या माणसाला पुरल्यासारखं होतं.

म्हणून त्यांची रीतच होती. वस्तूचं चित्र वहीत काढायचं आणि गल्लीबोळांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना दाखवत फिरायचं. लोक म्हणत, आले मास्तर, स्थळ घेऊन.

फणीपायी तीन दिवस पायपीट झाली. मावशीही सोबत निघाली, नाहीतर हा माणूस जेवायचंही विसरला असता. रविवारी जिन्याखालच्या एका खोलीत शिंप्याची आजी भेटली. मास्तरांनी वही उघडून पुढे धरली, तेव्हा कळलं, आजीला दिसतच नाही. मास्तर ओशाळले. मग तोंडानेच फणीचं वर्णन करू लागले.

"एका बाजूचे दात जाड ना?" आजी म्हणाली. "ते गुंत्याला. आई आधी त्यानेच ओढायची. मी रडायचे, ती गायची." आणि तिचा हात आपसूक विरळ केसांकडे गेला.

सोमवारी चिठ्ठी लागली: 'जुनी फणी. जाड दात गुंत्यासाठी.' साहेबांनी ती दोनदा वाचली. जाड दात कशाला, हे त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं. छपाईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढे काही वर्षांनी मास्तर वारले, त्याच्या आदल्या दिवशीही ते चित्र घेऊन निघाले होते, एका लाकडी कुलपाचं. दम लागत होता, दर चार पायऱ्यांवर बसत होते. मावशीने वही धरली. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी सदऱ्याची बटणं नीट केली, कडी वाजवली आणि विचारलं, "घरात कुणी मोठं माणूस आहे का?"