आप्पांनी दिलेला एक सीझन

गाडी यायला अजून वीस मिनिटं होती आणि आप्पांनी डब्याचा नंबर चौथ्यांदा तपासला होता. नाशिक रोडचा प्लॅटफॉर्म, ऑक्टोबरची सकाळ, माझ्या पायाशी दोन बॅगा आणि एक बास्केटबॉल. बॉल बॅगेत मावत नव्हता, म्हणून आईने तो कांद्याच्या गोणीच्या लाल जाळीत घालून दिला होता. येणारेजाणारे आधी जाळीकडे बघायचे, मग मान वर करून माझ्याकडे. मी पाच फूट अकरा इंच आहे. मला त्या नजरांची सवय झाली आहे, आप्पांना नाही. अशा वेळी ते दोन पावलं बाजूला सरकतात आणि खिशातला फोन काढून त्यात उगाचच काहीतरी बघतात.

त्या दिवसांत आमच्या द्राक्षबागेत छाटणी चालू होती. छाटणीचा दिवस मोडून आप्पा सख्ख्या भावकीतल्या लग्नालाही जात नाहीत, हे सायखेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ते मला सोडायला नाशिक रोडपर्यंत आले होते, यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं. पण मी तेव्हा घुश्शात होते. गाडी दिसली तसे ते म्हणाले, "एकच सीझन हां. कबूल केलंय तू." मी नुसतं "हो" म्हटलं आणि बॅग उचलली. नमस्कार करायचाही राहून गेला.

हे मी आमच्या नाशिक रोडच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळलेल्या पोरींसाठी लिहितेय. तुमच्यातल्या काही विंचूर-निफाडकडे सासरी आहात, दोघी समुद्रापार गेलात, एक अजून त्याच कॉलनीत राहते आणि येता-जाता कोर्टचं कुलूप बघते. आठवीत असताना मी सायखेडा सोडून आत्याकडे राहायला आले, ते शाळेसाठी. बास्केटबॉल मागून चिकटला. कोर्टच्या कडेला उभी होते, बॉल माझ्याकडे आला, मी तो परत टाकला आणि सरांनी मला उंचीमुळे आत ओढलं. आमच्या बागेच्या मांडवाखाली सगळ्या बाया हात वर करून घड विरळायच्या आणि मी एकटी मान वाकवून. उंचीचा काही उपयोग असतो हे मला त्या कोर्टवर पहिल्यांदा समजलं.

मग गेल्या वर्षी बायकांची एक नवी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि कोइम्बतूरच्या एका क्लबने मला पाच महिन्यांसाठी बोलावलं. आमच्या घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. नाशिक रोडच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची कायमची जागा होती आणि मुख्याध्यापकबाई माझ्यासाठी ती जूनपर्यंत धरून ठेवायला तयार होत्या. "हौस करून ये," आप्पा म्हणाले, "मग नोकरी धर." त्या "हौस" शब्दावरून मी घर डोक्यावर घेतलं. दहा वर्षं मी घाम गाळत होते आणि त्यांच्या लेखी ती हौस! शेवटी तोड निघाली ती एका सीझनची. मीही मनाशी पक्कं केलं होतं की इतकं चांगलं खेळायचं, क्लबने मला दुसऱ्या वर्षी हातच जोडले पाहिजेत. मग बघू आप्पा काय करतात.

कोइम्बतूरला आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. आमची कॅप्टन सेल्वीअक्का, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आणि अर्धा फूट बुटकी, पण ती बोलायला लागली की मी आपोआप खांदे पाडून उभी राहायचे. आमची भाषा म्हणजे तमिळ, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. बॉल हातात ठेवून मी विचार करत बसले की अक्का "पोडु! पोडु!" ओरडायची, म्हणजे टाक, टाक. घरात तिचा पहिला प्रश्न "साप्टिया?", जेवलीस का. पहिले पंधरा दिवस मला भाकरी आठवून रडू यायचं. मेसमध्ये पोळी मागितली की मैद्याचा परोटा यायचा. आई फोनवर बजावायची, "भात खाऊन खाऊन पोट सुटू देऊ नको." पोट कसलं सुटतंय, सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास पळत होते मी. महिन्याभरात रसममध्ये भात कालवून बोटं चाटायला लागले, हे मात्र आईला आजही सांगितलेलं नाही.

सुरुवातीचे तीनही सामने आम्ही हरलो आणि तिन्ही मी बाकावर बसून पाहिले. कॉलेजात मी राणी होते, इथे माझ्याहून उंच दोघी होत्या. चौथ्या सामन्यात त्यातल्या एकीचा घोटा मुरगळला आणि कोच मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. माझं काम एकच होतं, आमच्या बास्केटखालची जागा राखायची. कुणी आत घुसलं की दोन्ही हात वर करून वाटेत उभं राहायचं. यात नाव होत नाही, पण मला ते जमलं. आम्ही जिंकायला लागलो. जानेवारी सरेपर्यंत आम्ही उपांत्य फेरीच्या वाटेवर होतो आणि रस्त्यावर दोन लहान मुलींनी माझी सही घेतली. मी ती मराठीत केली.

आप्पा दर रविवारी फोन करायचे. पाऊसपाणी, थंडी, घडांची फुगवण, गाडीत टाकलेला माल. सामन्याचं अवाक्षर नाही. मीही हट्टाने काढायचे नाही. बापलेक दोघंही सारखेच. आई एकदा सहज बोलली की, "तुझे आप्पा हल्ली संध्याकाळचे चावडीकडं फिरकतच नाय." मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

उपांत्य सामना मार्चमध्ये, कोइम्बतूरलाच होता. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांची एक चपळ पोरगी मुसंडी मारून आत आली, तिने पडता पडता बॉल बाहेरच्या आपल्या सोबतिणीकडे टाकला आणि ती थेट माझ्या पायाशी आदळली. मी मागे सरताना माझा बूट तिच्या खांद्याला लागला.

आणि मी वाकले. तिच्या खांद्याला हात लावला आणि तो हात माझ्या छातीला लावला.

माणसाला पाय लागला की आपला हात कसा जातो, ते तुम्हाला सांगायला नको. त्याला विचार लागत नाही. त्या पोरीनेही पडल्या पडल्या छातीला हात लावला, म्हणजे तिच्या घरीही तेच शिकवलेलं. पण मी वाकले तेवढ्यात त्यांची दुसरी एक डावीकडून आत शिरली, जिथे मी हात वर करून उभी असायला हवी होते बरोबर तिथून, आणि तिने बॉल अलगद आत टाकला. भोंगा वाजला. आम्ही एका गुणाने हरलो.

कोच मॅडम मूळच्या केरळच्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत. चेंजिंग रूममध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "तिला सॉरी म्हणालीस. आता आम्हाला कोण म्हणणार?" मी कुणाच्याच तोंडाकडे बघू शकले नाही. अकरा जणींचा पाच महिन्यांचा घाम मी एका नमस्कारात घालवला होता. अक्काचं हे शेवटचं वर्ष होतं, हे मला तिथे, बूट सोडताना आठवलं आणि मग माझं रडणं थांबेना. फ्लॅटवर परतल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी होती. मग वळून तिने विचारलं, "साप्टिया?" मी मान हलवली. तिने भात वाढला आणि आम्ही दोघी जेवलो. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण जेवायला वाढलं.

पुढच्या वर्षी कुणाकुणाला ठेवायचं ते क्लब नंतर कळवणार होता. माझं नाव त्यात नसणार, हे मी धरूनच चालले होते. कुणी हात जोडायचा प्रश्नच उरला नव्हता.

नाशिक रोडला आप्पा स्कूटर घेऊन आले होते. चांदोरी मागे पडली. सायखेड्याच्या पुलाच्या अलीकडे रसवंती दिसली तशी त्यांनी स्कूटर थांबवली, दोन ग्लास सांगितले आणि चरकाकडे बघत म्हणाले,

"पाय लागला तर नमस्कार करावाच मानसानं. पन दोन सेकंद थांबली असती, तर ती पोरगी काय पळून चालली होती का?"

मी ग्लास खाली ठेवला. त्यांचं थांबेना. "ती सात नंबरची डावीकडून मोकळी सुटली, म्या इथून वरडलो ना, हात वर, हात वर! तुझी आई म्हनती, येड लागलं का, तिला कोइम्बतुरात ऐकू जातंय का. आन् त्या सेल्वीनं तरी जागा धरायला नको? लय लांब उभी होती ती."

पहिल्या सामन्यापासूनचे सगळे सामने त्यांनी फोनवर पाहिले होते. मी बाकावर बसलेली तेसुद्धा. ज्या माणसाने मला पाय लागला की वाकायला शिकवलं, तोच आता सांगत होता की आधी जागा राख, मग वाक. मी हसायला लागले आणि हसता हसता हुंदके द्यायला लागले. रसवंतीवाल्याने घाबरून ग्लासात आणखी रस ओतला. "कुनी मारलं बिरलं नाय तिला," आप्पा त्याला म्हणाले, "मॅच हरली."

क्लबचा निरोप एप्रिलमध्ये आला. त्यांनी मला ठेवलं होतं. कोच मॅडमनी खाली एक ओळ लिहिली होती, की जागा राखणं शिकवता येतं, बाकीचं नाही. मी तो निरोप आईला वाचून दाखवला आणि आप्पांना सांगू नको म्हणून शपथ घातली. माझी हिंमतच होईना. आता मी काय म्हणून भांडणार होते? कबूल केलं होतं, एकच सीझन. एक मन म्हणायचं, शब्द पाळ आणि जूनमध्ये शाळेत रुजू हो. दुसरं मन रात्रंदिवस कोर्टवर.

चौथ्या दिवशी शाळेतल्या मुख्याध्यापकबाईंचा फोन आला. "तुझे वडील येऊन गेले सकाळी," त्या म्हणाल्या. "इस्त्रीचे कपडे घालून. म्हणाले, पोरगी तिकडं नोकरीला आहे, जूनला मोकळी व्हायची नाही."

आईने शपथ पाळली नव्हती तर! मी बागेकडे पळाले. उन्हाळ्याची खरड छाटणी चालू होती, मांडव बोडका आणि खाली काड्यांचा खच. आप्पा कपडे बदलून कात्री चालवत होते.

"आप्पा, तुम्ही शाळेत गेला होता?"

"मग? त्यांना बी दुसरी बाई शोधायला टाइम पायजे ना."

"पण तुम्ही एकच सीझन म्हणाला होता."

"म्हनलो होतो," ते म्हणाले आणि पुढच्या वेलीकडे सरकले.

मला वाटत होतं की घर म्हणजे आपण सोडून आलेली जागा, आणि ती आपण सोडली तशीच तिथे थांबलेली असते. म्हणून मी पाच महिने एकटीच लढत होते, आप्पांशी, त्यांच्यावाचून. आणि इकडे हा माणूस रोज संध्याकाळी चावडी सोडून फोनपुढे बसत होता, एकेक नियम शिकत होता, मला बाकावरून कधी उठवतात याची वाट बघत होता. तुम्ही ज्या मागे राहिलात आणि ज्या गेलात, तुमच्याही मागे असं कुणीतरी पळत असेल. एकदा विचारून बघा.

मी दुसरी कात्री उचलली आणि त्याच ओळीत पलीकडून उभी राहिले. थोड्या वेळाने आप्पा काड्यांआडून म्हणाले, "औंदा त्या सात नंबरचीला बघून घे."